शांतिनिकेतनची पिशवी

पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतून एक वस्तु पुष्कळदां दृष्टीस पडते. तपकिरी नाहींतर शेंदरी कातड्याची एक पिशवी. तिच्या तोंडावर कमळाची किंवा वेलाची उठावाची नक्षी. कडांनीं कातड्याची वादी ओवून घातलेली वेणी. कोणी ती कलकत्त्याहून आणलेली असते, कोणाला आहेरांत आलेली असते, आणि पुष्कळ वेळां ती कोठून आली हें घरांत कोणासच ठाऊक नसतें. तिला ‘शांतिनिकेतनची पिशवी’ म्हणावयाचें, एवढें मात्र सर्वांस माहीत असतें. रवींद्रनाथ टागोरांचें नांव घेतलें कीं आपल्यापुढें कविता येते, गाणें येतें, झाडाखालीं भरलेला वर्ग येतो. पिशवी येत नाहीं. परंतु ही पिशवी त्याच आश्रमांतली आहे, आणि ती तेथें जन्मास आली ती व्यापाऱ्याच्या हातून नव्हे, तर चित्रें काढणाऱ्या व चित्रकला शिकविणाऱ्या माणसांच्या हातून. चित्रकलेचा शिक्षक कागद बाजूस सारून कापड आणि कातडें हातीं कां घेतो, आणि तसें केल्यानें तो वर चढतो कीं खालीं उतरतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या प्रश्नाचें महत्त्व समजण्यासाठीं प्रथम आपल्याच घराकडे पाहूं. मुंबईचें सर जमशेटजी जीजीभाई कलाविद्यालय १८५७ सालीं सुरू झालें. तेथें १८९१ मध्यें लॉर्ड रे यांच्या नांवानें कलाकुसरीचे कारखाने काढण्यांत आले, आणि कोरीव लांकूडकाम, धातुकाम, गालिचे विणणें असे धंदे तेथें शिकवूं लागले. हेतु चांगलाच होता. पण एका आवारांत असूनहि चित्रकलेचा वर्ग आणि हे कारखाने यांच्यामध्यें एक भिंत राहिली. या बाजूस चित्रकार व्हावयाचे, त्या बाजूस कारागीर. आणि जे या बाजूनें बाहेर पडले, त्यांतील बहुतेक पुढें झाले काय? तर शाळेंतले ड्रॉइंग मास्तर. घन, वृत्तचिति, सुरई आणि कुंडी यांच्या छाया रेखाटून घ्यावयाच्या, एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांस मुलें बसवावयाचीं, आणि गणिताच्या मास्तरानें तास मागितला कीं मुकाट्यानें द्यावयाचा. या गृहस्थांची कुचेष्टा करण्याचा माझा हेतु नाहीं. आपल्यापैकीं पुष्कळांस सरळ रेषा ओढावयास त्यांनींच शिकविलें. पण शिकविलेल्या कलेचा घरांतल्या चादरीशीं, पिशवीशीं, पडद्याशीं कांहीं संबंध असतो, हें त्यांनाहि कोणी सांगितलें नव्हतें.

बोलपूरजवळच्या माळावर १९०१ सालीं रवींद्रनाथांनीं शाळा काढली आणि १९१९ सालीं तेथें कलाभवन सुरू झालें. आरंभीं असितकुमार हालदार यांनीं तें सांभाळलें, आणि थोड्याच काळांत नंदलाल बसू तेथें कायमचे येऊन राहिले. हे दोघेहि अवनींद्रनाथांचे शिष्य. आणि दोघेहि आपल्या अजिंठ्यास येऊन गेलेले. लेडी हेरिंगहॅम या बाईंनीं १९०९ पासून पुढें दोन हिवाळे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करविल्या, तेव्हां हे तरुण बंगाली चित्रकार त्यांच्या मदतीस होते. ज्यानें तीं चित्रें निरखून पाहिलीं आहेत त्याला सांगावयास नको कीं अजिंठा हें कापडाचेंहि एक मोठें संग्रहालय आहे. पट्ट्यापट्ट्यांचीं वस्त्रें, ठिपक्यांचीं वस्त्रें, हंसांच्या ओळी विणलेलीं वस्त्रें तेथें राजाच्याहि अंगावर आहेत आणि दासीच्याहि. त्यांची रेषा न् रेषा हातानें उतरविलेल्या माणसास कापडावरील नक्षी ही हलकी गोष्ट आहे असें वाटणें कठीण.

नंदलालांचा जन्म १८८२ चा, बिहारमधील खरगपूरचा. लहानपणीं ते कुंभारांच्या व मूर्तिकारांच्या हाताकडे बघत बसत. मोठेपणीं ते कलाभवनाचे प्रमुख झाले तरी ती बघण्याची संवय सुटली नाहीं. त्यांनीं केलेल्या एका नेमणुकीला मी फार महत्त्व देतों. सुकुमारी देवी या बंगाली गृहिणींच्या परंपरेंत वाढलेल्या बाई. त्यांना कलाभवनांत आलपना व शिवणकाम शिकविण्यास घेण्यांत आलें. आलपना म्हणजे तांदुळाच्या ओल्या पिठानें जमिनीवर काढलेली नक्षी. आपल्या रांगोळीची ती बहीणच, पण स्वभाव निराळा. रांगोळी चिमटींतून सुटते, कोरडी असते, चुकली तर फुंकून पुसतां येते. आलपना बोटावरून ओघळते. ओली रेषा एकदां उमटली कीं तिला परत घेतां येत नाहीं. म्हणून हात न थांबतां, न डगमगतां फिरवावा लागतो. पॅरिस किंवा लंडनची पदवी असलेल्या प्राध्यापकाच्या शेजारीं, अंगणांत शिकलेली एक बाई अध्यापक म्हणून उभी राहते, ही गोष्ट त्या काळीं हिंदुस्थानांतल्या दुसऱ्या कोणत्या कलाशाळेंत शक्य झाली असती असें मला वाटत नाहीं. आणि पुढें या आलपनेच्या हातांतूनच कापड रंगविण्याची कला वर आली, हें आपण लवकरच पाहूं.

आतां कातड्याकडे वळूं. येथें मुख्य नांव येतें तें प्रतिमादेवींचें. यांचा जन्म १८९३ चा. गगनेंद्रनाथ व अवनींद्रनाथ यांच्या त्या सख्ख्या भाची. बालपणींच विवाह आणि बालपणींच वैधव्य. १९१० सालीं रवींद्रनाथांनीं आपल्या मुलाचें, रथींद्रनाथांचें, यांच्याशीं लग्न लावलें. टागोर घराण्यांतला हा पहिला विधवाविवाह. महर्षि कर्वे यांच्या पुण्यांत हा विषय किती धगधगता होता हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या लग्नाचें मोल निराळें समजावून देण्याची गरज नाहीं. प्रतिमादेवी नंदलालांपाशीं चित्रकला शिकल्या. पुढें रवींद्रनाथांच्या नृत्यनाट्यांच्या वेषभूषेचा आणि रंगमंचाच्या सजावटीचा मोठा भार त्यांनीं उचलला. १९२२ च्या सुमारास आंद्रे कार्पेलेस नांवाच्या फ्रेंच चित्रकर्त्री शांतिनिकेतनांत आल्या. त्यांच्या आणि प्रतिमादेवींच्या खटपटीनें तेथें हस्तकलेचा एक लहानसा विभाग उभा राहिला. रथींद्रनाथ हे स्वतः अमेरिकेंत इलिनॉय विद्यापीठांत शेतकी शिकून आलेले. पण मनानें सुतार. लांकडांत लांकूड बसविण्यांत त्यांना जो आनंद होई तो कचेरींतल्या कागदांत होत नसे. युरोपच्या प्रवासांत या पतिपत्नींनीं कातडें रंगविण्याची व त्यावर उठाव काढण्याची विद्या शिकून घेतली, आणि परत आल्यावर ती आश्रमांत व श्रीनिकेतनांत रुजविली.

श्रीनिकेतनचें नांव घेतलें म्हणून त्या जागेची हकीगत सांगितली पाहिजे, कारण ती विलक्षण आहे. शांतिनिकेतनपासून सुमारें दोन मैलांवर सुरूल नांवाचें गांव. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथें ईस्ट इंडिया कंपनीची कोठी होती आणि जॉन चीप नांवाचा कंपनीचा व्यापारी रेसिडेंट तेथें राजासारखा रहात असे. बीरभूम जिल्ह्यांतल्या विणकरांचें सुती कापड व रेशीम तेथें गोळा होई आणि समुद्रापार जाई. पुढें विलायतेंतल्या गिरण्यांचें कापड उलट दिशेनें येऊं लागलें, कोठी ओस पडली आणि विणकर शेतमजूर झाले. त्याच सुरूलची वास्तु रवींद्रनाथांनीं १९१२ सालीं रायपूरच्या सिंह घराण्याकडून विकत घेतली, आणि ६ फेब्रुवारी १९२२ रोजीं तेथें लेनर्ड एल्महर्स्ट या इंग्रज तरुणाच्या हाताखालीं ग्रामसुधारणेचें काम सुरू झालें. पैसा आला अमेरिकेंतून, डोरोथी स्ट्रेट या बाईंकडून; पुढें १९२५ सालीं त्यांचा आणि एल्महर्स्टांचा विवाह झाला. शेती, मलेरिया, सहकारी पेढ्या यांच्याबरोबरच हातमाग, लांकूडकाम, इलामबाजारच्या कारागिरांचें लाखकाम असे धंदे तेथें जमूं लागले. कातड्याचें काम यांत आलें तें असें. ज्या गांवांतून परक्या व्यापाऱ्यानें हातकाम गोळा करून नेलें, त्याच गांवांत हातकामाची पुन्हा पेरणी झाली.

परंतु कातडें म्हणजे केवळ एक माल नव्हे. आपल्या समाजांत त्याला जातीचा वास चिकटलेला आहे. वरच्या म्हणविणाऱ्या घरांत वहाणा उंबऱ्याबाहेर, पखालीचें पाणी देवास वर्ज्य, आणि कातडें कमावणाराची वस्ती गांवाबाहेर. अशा देशांत १९२० ते १९३० च्या दरम्यान प्रतिष्ठित घरांतल्या सुना व मुली मांडीवर कातडें घेऊन त्यावर कमळें उठवूं लागल्या, याचा अर्थ आज लक्षांत येणें कठीण आहे. त्यावर कोणी मोठें व्याख्यान दिलें नाहीं. काम करणारीं माणसें काम करीत राहिलीं, आणि थोड्या वर्षांत मध्यमवर्गाच्या हातांत ती पिशवी दिसूं लागली. तरी एक गोष्ट प्रामाणिकपणें नोंदविली पाहिजे. कातड्यावरील नक्षी पवित्र झाली म्हणून कातडें कमावणारा माणूस कांहीं तेवढ्यानें वाड्यांत आला नाहीं. ढोर-चांभारांचें दुःख या पिशवीच्या अस्तरांत तसेंच राहिलें.

ही पिशवी होते कशी तें थोडें सविस्तर सांगतों, कारण वापरणारांस त्यांतले कष्ट दिसत नाहींत. कातडें घ्यावयाचें तें शेळीचें किंवा मेंढीचें, आणि झाडाच्या सालींनीं कमावलेलें. क्षारांनीं कमावलेलें क्रोमचें कातडें येथें उपयोगी नाहीं; तें ओलें करून दाबलें तरी पुन्हा फुगून सपाट होतें. सालीचें कातडें मात्र ओल्या मातीसारखा ठसा धरतें आणि वाळल्यावर सोडीत नाहीं. कागदाचा नमुना ठेवून कातडें कापतात, ओल्या स्पंजानें भिजवितात, आणि वर चित्राचा कागद ठेवून बोथट टोकानें रेषा उतरवितात. मग धातूच्या लहान चपट्या हत्यारानें नक्षीच्या भोंवतालची जमीन दाबीत जावयाचें. फूल वर येतें तें फुलाला उचलल्यानें नव्हे, तर त्याच्या आसपासची जागा खालीं गेल्यामुळें. यानंतर रंग, स्पिरिटांत विरघळविलेले रंग ब्रशानें किंवा कापसाच्या बोळ्यानें चढवितात, फिक्कटाकडून गडदाकडे. कांहीं पिशव्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तडा दिसतात. त्या चुकून पडलेल्या नसतात. कातड्यावर लेप देऊन तो वाळल्यावर चुरगळतात, आणि लेपाच्या भेगांतून रंग आंत शिरतो. शेवटीं चकाकी, अस्तर, कडांस आरीनें सारख्या अंतरावर छिद्रें, आणि त्यांतून वादी ओवून घातलेली गुंफण. शिवणयंत्राचा टांका येथें मुळींच नको असतो. वादीचा एक पदर तुटला तर घरच्या घरीं दुसरा ओवतां येतो. यंत्राची शिवण उसवली तर मोच्याकडे जावें लागतें. आपल्या आज्यांचा पानसुपारीचा बटवा असाच घरीं दुरुस्त होत असे.

कापडाचें प्रकरण समुद्रावरून आलें. १९२७ च्या उन्हाळ्यानंतर रवींद्रनाथ मलाया, जावा, बाली, सयाम या प्रदेशांच्या प्रवासास गेले. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चतर्जी त्यांच्याबरोबर होते. आणि कलाभवनांतले दोघे चित्रकार, सुरेंद्रनाथ कर व धीरेंद्रकृष्ण देववर्मा हेहि. जावा हा बाटिकचा देश. कापडावर वितळलेल्या मेणानें नक्षी काढावयाची. मग कापड रंगांत बुडवावयाचें. मेण असेल तेथें रंग लागत नाहीं. पुन्हा मेण, पुन्हा रंग. शेवटीं उकळत्या पाण्यांत मेण काढून टाकावयाचें. जावांतल्या बायका यासाठीं तांब्याची चोंच असलेली एक चिमुकली झारी वापरतात. तिला ते लोक चांतिंग म्हणतात. तेथील राजदरबारांत ही कला इतकी मानाची होती कीं कांहीं नक्षी राजघराण्याखेरीज इतरांनीं अंगावर घालूं नये असा दंडक असे. पुढें २००९ सालीं इंडोनेशियाच्या बाटिकला युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें. युरोपांतहि त्या काळीं बाटिकचा शौक पसरलेला होता. तेव्हां शांतिनिकेतनास ही विद्या केवळ एकाच दारानें आली असें मानण्याचें कारण नाहीं. पण जावाहून आलेले नमुने आणि सुरेंद्रनाथांची नजर यांनीं तिला तेथें पक्कें घर दिलें, यांत शंका नाहीं.

आतां गंमत अशी कीं, शांतिनिकेतनच्या वर्गांत ही जावाची झारी मागें पडली आणि ब्रश पुढें आला. झारीची रेषा बारीक, सावकाश, मोजून काढलेली. ब्रशाची रेषा ओली, भरघोंस आणि एका दमांत काढावी लागणारी. मेण क्षणांत थंड होतें, थांबलांत तर रेषा तुटली. म्हणजे आलपनेचेंच शास्त्र हें! सुकुमारी देवींच्या वर्गांत ओल्या पिठानें ज्यांचे हात तयार झाले होते, त्या मुलींना मेणाचा ब्रश परका वाटला नसावा. नक्षीहि त्याच अंगणांतली आली: कमळ, शंख, धान्याची लोंबी, वळसे घेत जाणारी वेल. तंत्र जावाचें, हात बंगाली अंगणाचा, आणि मांडणी चित्रकाराची. कलाभवनाचें बाटिक जावाची नक्कल झालें नाहीं तें यामुळें.

मेणाचेंहि एक गणित आहे. नुसतें मधमाशांचें मेण लवचीक असतें. तें तडकत नाहीं. नुसतें पॅरॅफिन ठिसूळ. तें फार तडकतें आणि कापडावरून सुटून येतें. दोहोंचें मिश्रण करून, जेथें भेगा हव्या तेथें पॅरॅफिनचा भाग वाढवावयाचा. रंग मात्र थंड पाण्याचा पाहिजे, नाहींतर सगळी मेहनत पातेल्यांतच वितळेल. पिवळा प्रथम, मग तांबडा, मग काळसर. उलट क्रम चालत नाहीं, कारण गडदावर फिक्का चढत नाहीं. ज्यानें एकदां हें काम केलें आहे त्याला चित्रांतला रंगहि निराळा दिसूं लागतो: पुढच्या तीन पायऱ्या अगोदर डोळ्यांपुढें आणल्याशिवाय पहिला ब्रश टेकतां येत नाहीं.

या वर्गाची सूत्रें पुढें नंदलालांची वडील मुलगी गौरी भंज यांच्याकडे आलीं. १९०७ सालीं जन्मलेली ही मुलगी बापापाशींच कलाभवनांत शिकली. १९२६ सालीं रवींद्रनाथांच्या ‘नटीर पूजा’ या नाटकांत श्रीमती नांवाच्या नर्तकीची भूमिका तिनें केली, आणि पुढल्या वर्षीं कलकत्त्यांतहि ती रंगभूमीवर आली. भल्या घरच्या मुलीनें लोकांसमोर नाचावें ही गोष्ट तेव्हां आपल्याकडे काय किंवा बंगालमध्यें काय, गहजब करण्यासारखी होती. त्या नर्तकीचें चित्र नंदलालांनीं पुढें चीनभवनाच्या भिंतीवर रंगविलें. रंगभूमीवरून उतरून गौरीबाई ज्या कामाला लागल्या तें मात्र अगदीं शांत होतें: वर्षानुवर्षें मुलामुलींना आलपना, शिवणकाम, बाटिक आणि कातडीकाम शिकविणें, उत्सवासाठीं मंडप सजविणें, नाटकांसाठीं वस्त्रें रंगविणें. धाकटी बहीण जमुना सेन यांचेंहि हेंच क्षेत्र. भारताची राज्यघटना हस्तलिखित झाली आणि तिचीं पानें नंदलालांच्या देखरेखीखालीं सजलीं, तेव्हां त्या चमूंत या दोघी बहिणी होत्या. ज्या हातांनीं साडीचा काठ मेणानें ओढला, त्याच हातांनीं स्वतंत्र देशाच्या मूळ ग्रंथाची चौकट रंगविली. २४ जानेवारी १९५० रोजीं घटनासमितीच्या सभासदांनीं त्यावर सह्या केल्या.

पैशाची गोष्ट टाळून चालणार नाहीं. कलेच्या इतिहासांत ती नेहमीं टाळली जाते. कलाभवनांतून बाहेर पडणाऱ्या तरुणापुढें तीच जुनी वाट होती: कोठेंतरी ड्रॉइंग मास्तर व्हावयाचें, नाहींतर धनिकांची मर्जी सांभाळावयाची. यावर उतारा म्हणून १९३० च्या सुमारास नंदलालांच्या शिष्यांनीं त्यांच्या पाठबळानें ‘कारुसंघ’ काढला. कामें सर्वांनीं मिळून घ्यावीं, पुस्तकांचीं चित्रें, भरतकाम, बाटिक, कातडीकाम जें येईल तें करावें आणि मिळकत वांटून घ्यावी, अशी त्यामागची कल्पना. त्यांत एक स्त्री होती, इंदुसुधा घोष. या बाईंनीं कलकत्त्याच्या निवेदिता विद्यालयांत चित्रकला शिकविली, क्रांतिकारकांशीं असलेल्या संबंधाबद्दल तुरुंगवास सोसला, आणि सुटल्यानंतर निराधार स्त्रियांना हस्तव्यवसाय शिकविण्यांत आयुष्य वेंचलें. चित्रकलेच्या शिक्षिकेनें फळा सोडून शिवणाचें सामान कां घेतलें याचें उत्तर त्यांच्या आयुष्यांत फार स्पष्ट सांपडतें. तुरुंगांतून आलेल्या, नवऱ्यानें टाकलेल्या, फाळणीनें उखडलेल्या बाईला जलरंगांतलें निसर्गचित्र काढावयास शिकवून काय उपयोग? तिला संध्याकाळीं विकतां येईल अशी वस्तु करतां आली पाहिजे. आणि ती वस्तु कुरूप असण्याचें मात्र कारण नाहीं.

श्रीनिकेतनच्या मालासाठीं कलकत्त्यांत विक्रीचें दुकान उघडलें तें १९३८ सालीं, आणि त्याचें उद्घाटन राष्ट्रसभेचे त्या वेळचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनीं केलें. राष्ट्रसभेचा आणि या मंडळींचा संबंध त्यापूर्वींच जडला होता, आणि तो आपल्या खानदेशांत अधिक दृढ झाला. १९३६ च्या डिसेंबरांत फैजपूर येथें राष्ट्रसभेचें खेड्यांतलें पहिलें अधिवेशन भरलें. गांधीजींनीं नगररचनेच्या सजावटीसाठीं नंदलालांस बोलावलें. आपण चित्रकार आहों, स्थापत्य आपला विषय नव्हे, असा संकोच नंदलालांस होता. पण शेवटीं ते आले, आणि बांबू, तट्ट्या, गवत, स्थानिक सुतारांचे हात एवढ्यावर टिळकनगर उभें केलें. पुढें १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठीं त्यांनीं हातकागदावर पिंजारी, शिंपी, ढोल वाजविणारे अशीं साधीं माणसें रंगवून मंडपांच्या बाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्या शेतकऱ्यांस दिसतील अशीं लाविलीं. पिशवीवर कमळ काढणें आणि अधिवेशनाच्या दारावर शिंपी रंगविणें या एकाच मनाच्या दोन कृति होत, असें मला वाटतें. दोहोंमध्यें चित्र भिंतीवरच्या सोनेरी चौकटींतून बाहेर पडून माणसाच्या वाटेवर येऊन उभें राहतें.

मग बिघडलें कोठें? कारण बिघडलें आहे, हें नाकारून चालणार नाहीं. मागणी वाढली, आणि बोलपूर-कलकत्त्याच्या आसपास पुष्कळांनीं हा धंदा उचलला. त्यांत वाईट कांहीं नाहीं. शेंकडों कुटुंबांस भाकरी मिळाली. सुरूलच्या शेजारींच, स्वातंत्र्यचळवळींतल्या कार्यकर्त्यांच्या आश्रयस्थानांतून वाढलेलें ‘आमार कुटीर’ हें सहकारी केंद्रहि या कामांत नांवाजलें. पण हातानें जमीन दाबून फूल वर आणण्याऐवजीं साचा ठोकून एका क्षणांत दहा फुलें उठविण्याचा मोह आला. साच्याचें फूल सगळीकडे सारखें वर येतें. त्याला देठाजवळची खोली आणि पाकळीच्या टोंकाचा उतार नसतो. नक्षी तीच ती, कित्येक वर्षें न बदललेली. गुरूच्या हातची एक वेल घेऊन शिष्यांच्या शिष्यांनीं तिची शाई होईपर्यंत ती उतरविली. या कातडीकामास २००७-०८ मध्यें भौगोलिक निर्देशनाची सरकारी नोंदणी मिळाली. तिनें नांवाचें संरक्षण झालें; परंतु नव्या वेली काढण्याचें काम कोणत्याहि नोंदणीनें होत नसतें, त्यासाठीं वर्गांत चित्रकारच लागतो.

दुसरी गोष्ट मला अधिक खटकते. १९७२ च्या पुराणवस्तु कायद्याखालीं नंदलाल बसूंचीं चित्रें पुढें राष्ट्राची कलासंपत्ति म्हणून जाहीर झालीं. त्यांतलें एकहि चित्र देशाबाहेर विकतां येत नाहीं. योग्यच झालें. पण त्यांच्याच मुलीनें रंगविलेली ओढणी, त्यांच्याच शिष्येनें उठविलेली पिशवी यांवर ना सही, ना नांव. त्या वापरल्या गेल्या, धुतल्या गेल्या, झिजल्या, आणि फाटल्यावर बोहारणीकडे गेल्या. कापडाच्या आणि कातड्याच्या कलेचा इतिहास लिहितांना हात आंखडतो तो याचमुळें: तिचे सर्वोत्तम नमुने ज्यांना आवडले त्यांनींच ते वापरून संपविले. तुमच्यापैकीं कोणाच्या कपाटांत आजीची अशी एखादी जुनी पिशवी असेल तर ती जरा उजेडांत धरून पहा. फुलाच्या कडेची रेषा सर्वत्र सारख्या खोलीची आहे, कीं कोठें हात जोरानें टेकला आणि कोठें हलकेंच निसटला, हें बोटाला कळतें.

कलाभवनांत १९७३ पासून दरवर्षीं डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवशीं नंदनमेळा भरत आला आहे. ३ डिसेंबर हा नंदलालांचा जन्मदिवस. अपघातांत सांपडलेल्या एका विद्यार्थ्याच्या उपचारासाठीं पैसा उभा करावयाचा म्हणून मुलांनीं आणि शिक्षकांनीं आपल्या हातच्या वस्तु विकावयास मांडल्या, हा त्याचा आरंभ. चित्रें, मातीचीं भांडीं, छापलेल्या दिनदर्शिका, रंगविलेलीं कापडें आणि पिशव्या मांडून प्राध्यापक व विद्यार्थी एकाच फळीमागें बसतात, गिऱ्हाइकाशीं घासाघीस करतात, आणि जमलेला पैसा विद्यार्थ्यांच्या मदतनिधींत जातो.